भिंतीवरची नावे आणि समुद्रात राहिलेली माणसे

कुलाब्यातील सेंट जॉन चर्चला मुंबईकर अफगाण चर्च या नावानेच ओळखतात. 1847 मध्ये पाया घातलेली आणि 1858 मध्ये प्रार्थनेसाठी खुली झालेली ही वास्तू म्हणजे 1838 ते 1843 या काळातील सिंध व अफगाणिस्तानच्या मोहिमांत मेलेल्यांचे स्मारक होय. आत अधिकाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. शिपायांविषयी मात्र, ते इतके होते की प्रत्येकाचे नाव नोंदणे शक्य नाही, एवढाच खुलासा आहे. दगड अपुरा पडला की आस्था, हे वाचकांनीच ठरवावे. कारण त्यापूर्वीच कंपनी सरकारने कोरेगाव भीमाच्या स्तंभावर 1818 च्या लढाईत पडलेल्या साध्या शिपायांची नावे कोरविली होती.

चर्चमध्ये अशा पाट्या बसविण्याची चाल जुनी असली, तरी पहिल्या महायुद्धाने तिला निराळीच निकड आली. रणांगणावरील मृतदेह मायदेशी आणण्यास ब्रिटनने 1915 मध्ये मनाई केली. ज्या आईला मुलाचे थडगे पाहावयास मिळणार नव्हते, तिने गावच्या चर्चच्या भिंतीवर त्याचे नाव लिहविले.

देह हाती न लागल्याचे दुःख कोकणाला आणि गोव्याला नवे नाही. त्यासाठी आपल्याकडे पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी देण्याचा पालाशविधी आहे. तिथी ठाऊक नसलेल्यांसाठी सर्वपित्री अमावास्या आहे. परंतु दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश जहाजांवर गेलेले येथील सारंग, खलाशी, बॉयलरपुढचे आगवाले आणि खानसामे यांची नावे गावातील कोणत्या भिंतीवर दिसतात? गोवा तेव्हा पोर्तुगालच्या अमलाखाली, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात तटस्थ. पण पाणतीराने गोव्याचा खलाशी आणि रत्नागिरीचा खलाशी असा भेद केला नाही.

ही नावे मुळीच लिहिली गेली नाहीत, असे नव्हे. मुंबईत मस्जिद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात मेलेल्या 2 हजारांहून अधिक दर्यावर्दींचे स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातील सुमारे 6 हजार मृतांची नोंद असलेले सन्मानपुस्तकही तेथेच ठेवलेले असून त्याची जोडप्रत चित्तगावला आहे. कित्येक नावांपुढे बापाचे नाव आणि गावही आहे. आज या नोंदी संगणकावर पाहता येतात. पण रोमन लिपीत, गोऱ्या कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तशा. पणतवाने आपल्या पणजोबाला त्यांत शोधावे तरी कसे?

महाराष्ट्र व गोवा सरकारांनी ही यादी गावनिहाय लावून देवनागरीत छापावी. नावे शुद्ध करून देण्यास त्या त्या गावातील वृद्ध अद्याप आहेत. पुढे जयगड, विजयदुर्ग, मालवण, पणजी येथील धक्क्यांवर पाट्या लावाव्यात. तेथे हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती नावे एकाखाली एक येतील. जहाजावरही ती माणसे एकत्रच होती.