एका शून्याची गोष्ट

जर्मनीत फ्रँकफुर्टजवळ बाड होम्बुर्ग नावाचं एक छोटं शहर आहे. जर्मन भाषेत ‘बाड’ म्हणजे स्नान. जिथे औषधी पाण्याचे झरे असतात, अशा अनेक गावांच्या नावाआधी हा शब्द लावतात. पण होम्बुर्ग जगभर गाजलं ते जुगारामुळे! कसं, ते पाहूया.

19व्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनी हा एक देश नव्हता. लहानमोठी अनेक राज्ये होती. होम्बुर्गचे राज्य अगदी छोटे होते. त्या काळात फ्रान्सच्या सरकारने जुगारघरांवर बंदी घातली. 1838 पासून पॅरिसमधली जुगारघरे बंद झाली. मग त्या धंद्यातले लोक सीमा ओलांडून जर्मन राज्यांत आले. जाक बेनाझे बाडेन-बाडेनला गेले. फ्रान्स्वा आणि लुई ब्लां या जुळ्या भावांनी होम्बुर्गमध्ये 1841 साली कॅसिनो सुरू केला.

आता अडचण अशी, की बाडेन-बाडेन आधीच प्रसिद्ध होते. मोठमोठे श्रीमंत लोक तिथे उन्हाळा घालवायचे. मग होम्बुर्गला कोण येणार? ब्लां बंधूंनी एक युक्ती केली. रूलेटच्या चाकावर 1 ते 36 हे आकडे आणि दोन शून्ये असत. त्यांनी एक शून्य काढून टाकले!

त्याने काय फरक पडला? चला, हिशेब करूया. समजा, तुम्ही सगळ्या 38 घरांवर एकेक नाणं लावलं. कुठलंही घर आलं तरी तुम्हाला 36 नाणी परत मिळतात. म्हणजे 2 नाणी मालकाची. शून्य एकच असेल, तर घरे 37 आणि मालकाला फक्त 1 नाणे. नफा कमी, पण गिऱ्हाइकं जास्त, असा हा सौदा होता.

बेनाझे कुटुंबही गप्प बसले नाही. जाक यांचा मुलगा एदुआर याने 1858 मध्ये बाडेन-बाडेनजवळ घोड्यांच्या शर्यती सुरू केल्या. 1862 मध्ये तिथे नवे नाट्यगृह उघडले. या थाटामाटाचा पैसा कुठून आला? हरणाऱ्यांच्या खिशातून, बरं का! रशियन लेखक दस्तयेव्स्की दोन्ही ठिकाणी खेळला आणि हरला. त्याच्या बायकोचे दागिनेही गहाण पडले. महाभारतातला युधिष्ठिर आठवला ना?

पुढे 1866 मध्ये प्रशियाने होम्बुर्ग ताब्यात घेतले. 1872 च्या अखेरीस दोन्ही गावांतले कॅसिनो कायद्याने बंद झाले. पण फ्रान्स्वा ब्लां मोठा हुशार! त्याने 1863 मध्येच मोनॅकोचा कॅसिनो हाती घेतला होता. पुढच्याच वर्षी त्या कॅसिनोशेजारी ‘ओतेल द पारी’ हे भव्य हॉटेल सुरू झाले. तेच आजचे मोंटे कार्लो. म्हणून होम्बुर्गला ‘मोंटे कार्लोची आई’ म्हणतात. होम्बुर्गचा कॅसिनोही 1949 मध्ये पुन्हा उघडला.

एक शून्य गेलं, पण दुसरं चाकावर राहिलंच. एखादा खेळाडू एखाद्या रात्री जिंकतो. वर्षाच्या शेवटी मात्र मालकच जिंकतो.

सांगा पाहू:
1. ब्लां बंधूंनी नफा कमी का करून घेतला?
2. चाकावर एकही शून्य नसतं, तर मालकाला काय मिळालं असतं?