उचल, सातबारा आणि बी.ए.चा पेपर

भाताची झोडणी आटोपली की मुळशी-मावळातल्या कातकरी वाड्यांवर मुकादमांच्या फेऱ्या सुरू होतात. दिवाळीच्या मागेपुढे टेम्पो येतो. त्यात भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि पोरेबाळे चढतात. वाडी रिकामी होते ती पावसाच्या तोंडावरच पुन्हा भरते. कुणी वीटभट्टीवर जाते, कुणी कोळशाच्या भट्टीवर. निघण्यापूर्वी घेतलेली उचल बहुतेक वेळा पावसाळ्याच्या तंगीतच संपलेली असते, म्हणजे पुढच्या सहा महिन्यांची मजुरी काम सुरू होण्याआधीच खर्ची पडलेली असते.

याच दिवसांत कोळवण खोऱ्यातली बी.ए.ची मुले सत्र परीक्षा देऊन घरी आलेली असतात. पौड, पिरंगुट, नाहीतर थेट कोथरूड गाठून शिकणारी ही मुले. त्यांच्या वहीत मानवी हक्कांच्या टिपा असतात: १२१५चा मॅग्ना कार्टा, १७८९चा फ्रान्सचा जाहीरनामा, १० डिसेंबर १९४८ला पॅरिसमध्ये ४८ विरुद्ध शून्य मतांनी संमत झालेला वैश्विक जाहीरनामा, त्याची ३० कलमे. चौथे कलम गुलामगिरीला मनाई करते. ते पाठ असलेल्या मुलाच्या घरावरूनच तो टेम्पो जातो. आपण आत्ता शिकलेल्या गोष्टीचा या टेम्पोशी काही संबंध आहे, हे त्याला वर्गात कुणी सांगितलेले नसते. मला या विषयाची सर्वांत मोठी उणीव हीच वाटते. ती भरून काढायची साधने खोऱ्यातच आहेत, म्हणून हा लेख.

आधी हा विषय पदवीच्या वर्गात कसा आला ते थोडक्यात सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने न्या. एस. एम. सिक्री यांच्या समितीमार्फत मानवी हक्क शिक्षणाचा आराखडा केला तो १९८५ साली. १९९३ला मानवी हक्क संरक्षण कायदा झाला. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या कामांत या हक्कांची साक्षरता पसरवणे हेही एक काम म्हणून कलम १२मध्ये लिहिले गेले. संयुक्त राष्ट्रांनी १९९५ ते २००४ हे मानवी हक्क शिक्षणाचे दशक पाळले आणि त्या वाऱ्यात आपल्या विद्यापीठांतही पेपर सुरू झाले. ताम्हिणी घाट उतरून रायगडात गेले की मुंबई विद्यापीठाची हद्द लागते. तिथे बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला फाउंडेशन कोर्समध्ये हक्कांचे उल्लंघन आणि त्यावरची दाद हा भाग अनेक वर्षे शिकवला गेला. घाटाच्या वर, पुणे विद्यापीठात, मानवी हक्कांची श्रेयांके पदव्युत्तर वर्गांना सक्तीची झाली, तर पदवीच्या मुलांच्या वाट्याला लोकशाही, निवडणूक आणि सुशासनाचा पेपर आला. एम.ए.पर्यंत पोचणारी मुले कोळवणसारख्या भागात किती, हे वेगळे सांगायला नको. ज्याला बी.ए. करून नोकरीला लागायचे आहे, त्याच्यासाठी हा विषय बी.ए.तच सक्तीचा व्हायला हवा.

मुले हा विषय मन लावून वाचतात ती बहुधा स्पर्धा परीक्षेसाठी. राज्यसेवा मुख्य परीक्षा वस्तुनिष्ठ असताना सामान्य अध्ययनाचा तिसरा पेपर ‘मानव संसाधन विकास व मानवी हक्क’ याच नावाचा होता. त्या निमित्ताने खेडोपाडीच्या हजारो मुलामुलींनी आयोगाची रचना, आंतरराष्ट्रीय करार, कलमांचे क्रमांक तोंडपाठ केले. या पाठांतराला मी नावे ठेवणार नाही. त्यातलीच एखादी मुलगी उद्या प्रांत होते, आणि वेठबिगारीतून सुटलेल्या माणसाला मुक्तीचा दाखला देणे न देणे तिच्या सहीवर येऊन ठरते. प्रश्न एवढाच की सही करताना तिला कलमाचा क्रमांक आठवेल की समोरचा माणूस कळेल. दोन्ही व्हायचे असेल तर अभ्यासाची सुरुवात पॅरिसहून करून चालणार नाही.

ती मुळशीतूनच करता येते. बाहेरचे लोक कोळवणला येतात ते चिन्मय विभूतीसाठी, हाडशीच्या मंदिरासाठी, नाहीतर तिकोन्याच्या वाटेवर. पण या तालुक्याच्या नावावर जगाच्या इतिहासातले एक मोठे प्रकरण आहे. मुळा आणि निळा नद्यांच्या संगमावर टाटा कंपनीने धरण बांधायला घेतले. वीज मुंबईला जायची होती आणि बुडणार होती मावळातली पन्नासएक गावे. १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, शेकडो मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे पुढारी, आणि बापटांना ‘सेनापती’ ही पदवी या लढ्यानेच दिली. लढा थांबला, पुन्हा पेटला, आणि डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी कामावर जाणारी रेल्वेगाडी अडवली. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण झालेच.

पुणे विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहावर मराठीत आणि नंतर इंग्रजीत पुस्तक लिहिले. २००९च्या इंग्रजी पुस्तकाच्या शीर्षकातच त्यांनी याला जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे. व्होरांनी ही कथा सरळसोट वीरगाथेसारखी सांगितली नाही, म्हणून पदवीच्या वर्गाला त्यांचे पुस्तक फार कामाचे आहे. मावळातल्या बऱ्याच जमिनी पुण्यातल्या सावकारांच्या नावावर गेलेल्या होत्या आणि कसणारा मावळा कूळ होता. सावकाराला हवी होती चांगली भरपाई, मावळ्याला हवी होती जमीन. भरपाईची बोलणी सरकू लागली तशी सावकारांची लढ्यातली गोडी ओसरली. म्हणजे ‘मुळशीकरांचा हक्क’ असे एकच काही नव्हते. आणि ज्यांचे नाव मालक म्हणूनही नव्हते आणि कूळ म्हणूनही नव्हते, अशा वाडीवरच्या माणसांना भरपाईच्या यादीत जागाच नव्हती.

यात कायद्याचा एक धडा दडलेला आहे. ही जमीन १८९४च्या भूसंपादन कायद्याने घेतली गेली. त्या कायद्याच्या सातव्या भागानुसार सरकार एखाद्या खासगी कंपनीसाठीही जमीन घेऊ शकत असे, काम लोकांच्या उपयोगाचे आहे एवढे दाखवले की झाले. ते लोक कोण, हे ठरवणार सरकार. मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळणे हा लोकांचा उपयोग ठरला आणि मावळ्याचे भात हे ठरले नाही. हा कायदा स्वतंत्र भारतातही चालू राहिला, थेट २०१३ संपेपर्यंत. १ जानेवारी २०१४पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधितांपैकी ८० टक्के कुटुंबांची संमती लागते. मुळशीच्या सत्याग्रहींनी मागितलेली गोष्ट कायद्यात यायला ९० वर्षांहून अधिक काळ लागला. ताम्हिणीपलीकडचे महाडही असेच. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ला झाला, डॉ. आंबेडकर चवदार तळ्यावर गेले २० मार्च १९२७ला, आणि उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल हाती आला १९३७ला. मॅग्ना कार्टा जरूर शिकवावा, पण मुळशी आणि महाडनंतर.

आता पुन्हा भट्टीकडे. हा हिशेब प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी कागदावर मांडून पाहावा. भट्टीवर मजुरी हजार विटांमागे ठरते आणि ती एका माणसाची नसते, जोडीची असते. नवरा, बायको, हाताखाली आलेले पोर, सगळे मिळून एक जोडी. बाईच्या नावाने वेगळी मजुरी कुठेच लिहिली जात नाही. आठवड्याला पोटापुरते पैसे मिळतात, त्याला खर्ची म्हणतात. समजुतीसाठी सोपे आकडे घेऊ. जोडीची उचल ३०,००० रुपये, दर हजारी ६०० रुपये, खर्ची आठवड्याला १,००० आणि हंगाम २४ आठवड्यांचा. उचल फेडायला ५०,००० विटा लागतात, खर्ची फेडायला आणखी ४०,०००. म्हणजे रोज सहाशेच्या घरात विटा पाडल्या तर हंगामाच्या शेवटी हिशेब शून्यावर येतो. हातात काही नाही. मधे अवकाळी पाऊस आला, कच्च्या विटा विरल्या, मोजणीत धरल्या गेल्या नाहीत, एक मूल आजारी पडले, की बाकी निघते. बाकी निघाली की पुढच्या वर्षी त्याच मालकाकडे. आणि हा सगळा हिशेब असतो मालकाच्या वहीत. मजुराकडे त्याची प्रत नसते.

या वहीशेजारी कायदा ठेवून वाचला की पुस्तकातली कलमे बोलू लागतात. राज्यघटनेचे कलम २३ वेठबिगारीला मनाई करते. १९८२ला दिल्लीच्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात न्या. भगवती यांनी म्हटले की किमान वेतनाहून कमी पैशांत काम करावे लागणे हीदेखील सक्तीची मजुरी आहे, कारण पोटाची निकड हीही सक्तीच. त्याआधीचा १९७६चा वेठबिगार निर्मूलन कायदा तर असा आहे की कर्ज वेठबिगारीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याने धनकोवर टाकली आहे. मजुराने पुरावा आणायचा नाही. जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्या असल्या पाहिजेत असे कलम १३ सांगते. आपल्या उपविभागाची समिती आहे का, ती शेवटची केव्हा बसली, हे दहा रुपयांचे तिकीट लावून माहितीच्या अधिकारात विचारता येते आणि तीस दिवसांत उत्तर मिळायला हवे. बी.ए.च्या मुलाने आयुष्यात पहिला अर्ज लिहावा तर असा.

महाराष्ट्रात विशेष असुरक्षित म्हणून नोंदलेल्या तीन आदिवासी जमाती आहेत: कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी. कातकरी तर आपल्या शेजारचेच. तरीही जातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५०पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, आणि ज्याच्या आजोबांकडे ना जमीन होती ना शाळेचा दाखला, त्याच्याकडे तो कुठून असणार? दाखला नाही म्हणून शिष्यवृत्ती नाही, वसतिगृह नाही. पाठ्यपुस्तकात ‘शिक्षणाचा हक्क, कलम २१ अ’ अशी एक ओळ असते. वाडीवर त्या ओळीचा अर्थ मूल डिसेंबरात कुठे असते यावर ठरतो. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी राज्यात हंगामी वसतिगृहांची योजना आहे, शिक्षण हमी कार्डही आहे. ते कार्ड भट्टीजवळच्या शाळेत दाखवून मुलाला वर्गात बसवणे हे काम दोन विद्यार्थी एका दिवसात करू शकतात.

जमिनीचेही तसेच. पुण्याच्या वाढत्या पसाऱ्यात मुळशीच्या जमिनींना भाव आला, फार्महाउसे झाली, कुंपणे पडली. जमीन महसूल संहितेचे कलम ३६ अ आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून बिगर आदिवासीकडे जाऊ देत नाही, आणि गेलेली जमीन परत मिळवून देण्यासाठी १९७४चा स्वतंत्र कायदाही आहे. पण त्यासाठी सातबारा वाचता आला पाहिजे: भोगवटादार कोण, इतर हक्कांत काय लिहिले आहे, कोणत्या फेरफाराने नाव बदलले. राज्यशास्त्र किंवा अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालेल्या कित्येक मुलांना आपल्या घरचा उतारा धड वाचता येत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. एक फेरफार मागे जात जात १९७४पर्यंत पोचणे हा इतिहासाचा उत्तम धडा आहे आणि त्याला तलाठी कार्यालयापलीकडे कुठे जावे लागत नाही.

आयोगांबद्दलही मुलांना नीट सांगायला हवे. महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोग २००१ पासून आहे. तक्रारीला शुल्क नाही, वकील लागत नाही, अर्ज मराठीत चालतो. मात्र घटनेला एक वर्ष उलटून गेले की आयोग दखल घेऊ शकत नाही, आणि आयोग देतो त्या शिफारशी असतात, हुकूम नव्हे. ही मर्यादा माहीत नसलेला माणूस वर्षानुवर्षे उत्तराची वाट पाहतो. त्याला वेळीच तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे नेले तर १९८७च्या कायद्यानुसार आदिवासी, दलित, स्त्रिया आणि मुले यांना मोफत वकील मिळतो. तिथे विधी स्वयंसेवक म्हणून काम करायला कायद्याची पदवी लागत नाही, कला शाखेची मुलेही घेतात.

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या रचनेत फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंट आणले आहे, आणि त्याला श्रेयांके आहेत. बहुतेक ठिकाणी मुले सर्वेक्षणाचे फॉर्म भरून मोकळी होतात. त्याऐवजी एका वाडीवरच्या पाच-सहा कुटुंबांचा हंगामाचा हिशेब त्यांच्याकडूनच ऐकून लिहून काढावा. वही आणि पेन घेऊन एकदम प्रश्न विचारू नयेत. आधी दोनदा नुसते जाऊन बसावे, मग “मावशी, यंदा उचल किती घेतली होती?” असे हळूच विचारावे. मावशी आकडा सांगताना आधी मुकादमाचे घर कोणत्या बाजूला आहे ते बघेल. तिचे नाव अहवालात घालू नये आणि तिने नको म्हटले तर तिचा हिशेबही घालू नये, हे शिक्षकाने पहिल्याच दिवशी बजावावे. वाळकी नदीच्या या खोऱ्यात ‘गोमुख’सारख्या संस्थेने पाणलोटाचे काम केले तेव्हा विहिरींची पातळी मोजण्यापासूनच सुरुवात करावी लागली होती. माणसांच्या बाबतीत तेवढीही मोजणी कुणी सलग केलेली नाही.

वेळेची एक सोयही आहे. भट्ट्या बंद होऊन कुटुंबे परततात मेअखेरीस, जूनच्या सुरुवातीला, आणि महाविद्यालयाचे वर्षही तेव्हाच सुरू होते. हिशेब ताजा असतो, मोजणीवरून झालेली भांडणे ताजी असतात, आणि तक्रार करायची तर आयोगाची एक वर्षाची मुदतही जवळजवळ पूर्ण शिल्लक असते. प्रकल्प दुसऱ्या सत्रात ठेवला तर वाडी रिकामी सापडते, म्हणून तो पहिल्या सत्रात, भातलावणीची घाई सुरू होण्याआधीच्या पंधरवड्यात घ्यावा.