हाताची खाज आणि गाडीचा काळा साज

गेल्या महिन्यात गॅरेजमध्ये काम करणारा एक तरुण दवाखान्यात आला. बोटांच्या बेचक्यांत भेगा, मनगटावर पाणी भरलेल्या बारीक पुळ्या, पापण्या सुजलेल्या. म्हणाला, "डॉक्टरसाहेब, गजकर्ण झालंय. मेडिकलमधून मलम आणून लावलं. चार दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच." ते गजकर्ण नव्हते. "काम नेमके काय करतोस?" असे विचारल्यावर उलगडा झाला.

हल्ली हौशी मंडळी गाडीच्या बंपरवर कार्बन फायबरचे काळे विणलेले कापड चिकटवून घेतात. (नुसत्या छापील स्टिकरमध्ये हा धोका नाही.) हे कापड चिकटते ते इपॉक्सीने. इपॉक्सी दोन डब्यांत येते, एकात रेझिन आणि दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही मिसळले की काही तासांत मिश्रण दगडासारखे होते. मात्र ते पूर्ण घट्ट होईपर्यंत त्वचेचे शत्रूच. हार्डनर कातडी भाजतो, तर रेझिन आणि हार्डनर या दोन्हींची ॲलर्जी होऊ शकते.

"दोन वर्षे हेच काम करतोय, कधी काही झाले नाही," असे तो म्हणाला. ॲलर्जीचे हेच वैशिष्ट्य आहे. शरीर काही दिवसांत, कधी काही महिन्यांत किंवा वर्षांत त्या रसायनाची ओळख करून घेते. एकदा ओळख पटली की सहसा विसरत नाही. मग थेंबभर लागले तरी पुरळ उठते आणि तेही बहुधा एक-दोन दिवसांनी. त्यामुळे कारण लक्षात येत नाही. तेच हात डोळ्यांना लागल्याने पापण्या सुजतात.

बंपरच्या कामात हा संपर्क वारंवार येतो. बंपर बहुतेक पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिकचा असतो आणि त्यावर काही सहज चिकटत नाही. म्हणून तो पॉलिश पेपरने खरवडावा लागतो, प्रायमर मारावा लागतो. शिवाय बंपर वाकतो, पण वरचा थर ताठ. कडा सुटतात, तडे जातात. गिऱ्हाईक परत येते, की पुन्हा घासणे आणि पुन्हा चिकटवणे!

वाचकहो, पुढील काळजी घ्या.

१) नायट्राइलचे हातमोजे घाला. रेझिन लागताच ते बदला. पातळ रबरी मोज्यांतून रेझिन आत झिरपते.

२) हात थिनरने किंवा पेट्रोलने कधीही धुऊ नका. त्वचेचे नैसर्गिक तेल निघून जाते आणि रसायनाला आत शिरायला वाट मिळते. साबण आणि पाणी वापरा.

३) घासताना पाणी मारून घासा. कोरडी धूळ घशाला, डोळ्यांना आणि त्वचेला टोचते. धुळीसाठी योग्य मास्क हवा, तोंडाला बांधलेला रुमाल पुरेसा नाही.

४) चकाकीसाठी फवारला जाणारा दोन डब्यांचा लॅकर बहुधा आयसोसायनेटयुक्त असतो. त्याने दमा जडू शकतो. साधा धुळीचा मास्क इथे चालत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा आणि फवारणीची वेगळी खोली हवी. काम करताना खोकला आला, छाती घरघरली तर लगेच तपासून घ्या.

५) हार्डनर डोळ्यात गेल्यास वाहत्या पाण्याने किमान पंधरा ते वीस मिनिटे डोळा धुवा आणि तडक डॉक्टर गाठा.

६) कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका.

मेडिकलमधून आणलेल्या मिश्र मलमात बहुधा स्टिरॉइड असते. खाज तेवढ्यापुरती थांबते, पण कारण तसेच राहते आणि त्वचा पातळ होत जाते. त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठीवर पट्ट्या लावून करायची पॅच चाचणी असते. तिने ॲलर्जी नेमकी कशाची आहे ते कळते.

त्या तरुणाचे हात काम थांबवल्यावर तीन आठवड्यांत बरे झाले. पण रेझिनचे काम त्याला आता करता येणार नाही. सध्या तो गाड्यांचे वायरिंग शिकतो आहे. दोन वर्षे खपून हाती आलेले कसब सोडावे लागले, याचे त्याला वाईट वाटते. पहिल्या दिवशीच हातमोजे घातले असते, तर बहुधा ही वेळ आली नसती. गॅरेजमालकांनो, रेझिनच्या डब्याबरोबर हातमोज्यांचा खोकाही आणत जा.