मॉरिशसचा निरोप पोर्ट लुईसमधून

मॉरिशस म्हटले की मराठी पर्यटकांच्या डोळ्यांसमोर निळाशार समुद्र, पांढरी वाळू आणि मधुचंद्राची छायाचित्रे उभी राहतात. सहलीचे पहिले चार-पाच दिवस किनारे, शामारेलची सप्तरंगी माती आणि गंगा तलाव पाहण्यात जातात. शेवटचा दिवस मात्र बहुधा बॅगा भरण्यात आणि मॉलमधील खरेदीत संपतो. हा दिवस राजधानी पोर्ट लुईससाठी राखून ठेवला, तर हे बेट कोणाच्या श्रमांवर उभे राहिले आणि आज ते काय खाते, या दोन्ही गोष्टी एकाच फेरफटक्यात समजतात.

सुरुवात बंदरालगतच्या आप्रवासी घाटापासून करावी. ब्रिटिशांनी 1810 मध्ये हे बेट फ्रेंचांकडून जिंकले. मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या बळावर तोवर येथील उसाचे मळे चालत होते. 1835 मध्ये येथील गुलामगिरी कायद्याने संपली. मळेवाल्यांना स्वस्त मजूर हवे होते. त्यासाठी करारबद्ध मजुरीची पद्धत आणली गेली. 2 नोव्हेंबर 1834 रोजी 'अ‍ॅटलास' हे जहाज 36 मजुरांना घेऊन कोलकात्याहून येथे पोहोचले. त्यानंतर 1920 पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे या बंदरात उतरली. 1849 मध्ये बांधलेल्या या तळावर त्यांची नोंद होई, त्यांना क्रमांक मिळे आणि एक-दोन दिवसांत त्यांची मळ्यांवर रवानगी होई.

मूळ संकुलाचा थोडाच भाग आज उरला आहे. दगडी पायऱ्या, काही खोल्या, स्वयंपाकाची जागा एवढेच पाहायला मिळते. तरीही 2006 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. मराठी माणसाने येथे थोडे रेंगाळायला हवे. कारण सगळी जहाजे कोलकात्याहून आली नाहीत. मुंबई बंदरातून निघालेल्या जहाजांत कोकणातील, विशेषतः रत्नागिरीकडील कुटुंबेही होती. त्यांचे वंशज आज घरी बहुधा क्रिओल बोलतात. पण तेथील शाळांत मराठी शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुटी असते. मजुरांचे नाव, गाव, उंची, अंगावरील खुणा अशा तपशिलांचे जुने दप्तर मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेले आहे. आपले मूळ गाव शोधणाऱ्या कित्येक कुटुंबांना त्याचाच आधार असतो. रत्नागिरी जिल्ह्यातच जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1912 मध्ये करारबद्ध मजुरी बंद करण्याचा ठराव केंद्रीय कायदे मंडळात मांडला होता. तो तेव्हा फेटाळला गेला, ही गोष्टही येथे आठवावी.

घाटापासून काही मिनिटांच्या अंतरावर मध्यवर्ती बाजार आहे. खाली भाज्या-फळांचे ढीग, वर हस्तकलेच्या वस्तू आणि अवतीभवती खाद्यपदार्थांच्या टपऱ्या. न्याहारी हॉटेलात बेताची करून येथे पोट भरावे. पहिला मान 'डॉल पुरी'चा. शिजवून भरड केलेल्या पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचे सारण भरलेली ही मऊ पोळी आपल्या पुरणपोळीची बहीण वाटते. पण ती गोड नसते, तिच्यात जिरे आणि हळद असते. भोजपुरी मजुरांची ही डाळपुरी येथे डबल बीची आमटी, लोणचे, मिरचीची चटणी आणि 'रुगाय' यांसह गुंडाळून मिळते. रुगाय म्हणजे टोमॅटोचा दाटसर रस्सा. त्यात थाइम हा युरोपीय पाला पडतो. बिहारची पोळी आणि फ्रेंच वळणाचा रस्सा असा संसार एका कागदाच्या पुडीत सुखाने नांदतो. एका वेळी दोन पुऱ्यांची जोडी देण्याची रीत आहे. शाकाहारी पर्यटकांची तर येथे चांगलीच सोय होते.

सोबत 'गातो पिमां' घ्यावे. नाव फ्रेंच असले तरी पदार्थ आपला डाळवडाच. तिखट उतरवायला सब्जा आणि आगर-आगर घातलेले थंडगार दूध, म्हणजे 'आलूदा', आपल्या फालुद्याचा सख्खा भाऊ. पुढे जुम्मा मशिदीवरून चायनाटाऊनमध्ये शिरले की 'बुलेत' मिळतात. हे वाफवलेले गोळे गरम सुपात घालून देतात. त्यांत मासे वा मांस असू शकते, म्हणून विचारून घ्यावे.

दुपारनंतर टेकडीवरील फोर्ट अ‍ॅडलेड, म्हणजेच सिटाडेल, गाठावा. तेथून बंदर, शहर आणि 1812 पासूनचे शॉं द मार्स हे घोड्यांच्या शर्यतींचे मैदान एका नजरेत येते. शेवटी कोदां वॉटरफ्रंटवरील ब्लू पेनी संग्रहालय पाहावे. 1847 ची दोन दुर्मीळ टपाल तिकिटे येथे आहेत. रंग उडू नयेत म्हणून मूळ तिकिटांवर ठरावीक वेळीच थोडी मिनिटे प्रकाश टाकतात. ती वेळ आधी विचारून ठेवावी.

काही व्यावहारिक गोष्टी. आप्रवासी घाटाला प्रवेशमूल्य नाही, पण रविवारी तो बंद असतो. शनिवारी दुपारनंतरही शहर थंडावते. त्यामुळे परतीचा दिवस शक्यतो सोमवार ते शुक्रवार यांपैकी ठेवावा. विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाला, राजधानीपासून सुमारे 45 किलोमीटरवर आहे. मेट्रो तेथवर जात नाही आणि कार्यालये सुटण्याच्या वेळी रस्ते तुंबतात. त्यामुळे विमान रात्रीचे असेल तरच हा बेत आखावा आणि टॅक्सी आधीच ठरवून ठेवावी. खरेदीची हौस राहिलीच, तर बाजारातून स्थानिक व्हॅनिला आणि उसाची साखर घ्यावी. ज्या पिकासाठी रत्नागिरीची माणसे या बंदरात उतरली, त्याच उसाची ती साखर असते.