लेंगीचा तांडा, नंगाऱ्याची वास्तू

पुसद-दिग्रस भागातल्या बंजारा तांड्यांवर होळी पेटते ती पहाटे. तोवर रात्रभर लेंगीची गाणी चालतात. डफ शेकून घेतलेला असतो, थाळीचा ठेका धरलेला असतो. एक जण ओळ टाकतो आणि रिंगणातले सगळे ती उचलतात. वर्षभरात ज्या घरी मुलगा झाला, तिथे मग धुंड. बाळावर आडवी काठी धरायची, होळी खेळणाऱ्या गेरियांनी तिच्यावर आपल्या काठ्या वाजवत आशीर्वाद गायचे. श्रावणात तीज आली की गाणं मुलींच्या ताब्यात जातं. टोपल्यांत गहू पेरलेले असतात, त्यांना रोज पाणी घालायचं आणि गायचं. यवतमाळ जिल्ह्याच्या गाण्याचा इतिहास लिहायला कुणी बसलं, तर त्याने आधी तांड्यावर यावं असं मला मनापासून वाटतं.

ही गाणी बैलांच्या पाठीवरून आली. लदेणी करणारे लमाण, म्हणजे बंजारेच, धान्य आणि मीठ घेऊन मुलूखभर फिरत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कापसासाठी मूर्तिजापूर-यवतमाळ ही छोटी रेल्वे दारव्ह्यावरून आली; तिच्याआधीच मोठ्या रेल्वेने आणि इंग्रजांच्या मिठाच्या कायद्यांनी लदेणीचा कणा मोडला होता. त्यात १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा. काही प्रांतांत बंजाऱ्यांवरही तो शिक्का बसला आणि १९५२ मध्ये पुसला गेला. बैल गेले, तांडे डोंगरउतारांवर स्थिरावले, पण लदेणीच्या वाटा गाण्यांत राहिल्या.

पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, दिग्रसला बंजारा समाजाची अखिल भारतीय परिषद भरली. तिच्यामागे उभे असलेले वसंतराव नाईक पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. दहा वर्षांनी ते मुख्यमंत्री झाले आणि १९७५ पर्यंत त्या पदावर राहिले. तांड्याने हा बदलही गाण्यात घेतला. शाळा, दारूबंदी, मतदान हे लेंगीचे विषय झाले. जी लोककला नवा विषय पेलते, ती जिवंत असते.

स्मारकं मात्र उशिरा आली, आणि ती आधी माणसांची आली. गहुलीला वसंतरावांचं स्मारक आहे. जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, वाशीमच्या मानोरा तालुक्यात, पोहरादेवीला बंजाऱ्यांचे संत सेवालाल महाराज यांची समाधी आहे. रामनवमीच्या यात्रेला तिथे राज्याबाहेरूनही तांडे येतात. त्याच पोहरादेवीत ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. या वास्तूला नंगाऱ्याचा आकार दिला आहे. अरदासच्या, म्हणजे प्रार्थनेच्या वेळी वाजणारं, तांड्याला एकत्र बोलावणारं वाद्य इमारत होऊन उभं राहिलं, याचं मला फार अप्रूप आहे. आपल्याकडे पुतळे पुष्कळ, वाद्याला असा मान क्वचित मिळतो.

गाण्याला मान देण्याचं काम पोलंडमधल्या ओपोले शहराने अधिक नेटाने केलं आहे. १९६३ पासून तिथे पोलिश गाण्यांचा राष्ट्रीय महोत्सव भरतो. ज्या खुल्या रंगमंचावर तो होतो तिथेच पोलिश गाण्याचं संग्रहालय आहे, विद्यापीठाच्या टेकडीवर गायक-गीतकारांचे पुतळे आहेत, आणि चौकातल्या फरसबंदीत कलावंतांच्या नावांचे तारे बसवले आहेत. तिथे गाणाऱ्याचं नाव राहतं. लेंगी रचणाऱ्याचं नाव आपल्याकडे कुठे लिहिलेलं असतं? आता लेंगीच्या स्पर्धा होतात, महोत्सव भरतात, मंडळांना बक्षिसं मिळतात; ओळ रचणारा मात्र तांड्याबाहेर कुणाला ठाऊक नसतो.

म्हणून नंगाऱ्याच्या त्या वास्तूत आवाजांचं एक दालन असावं, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे. दिग्रसहून पोहरादेवी जवळ आहे. अमरावती विद्यापीठाच्या कक्षेतली कॉलेजं या तालुक्यांत आहेत, त्यांत गोरबोली ही बंजारा बोली घरी बोलणारी मुलं-मुली शिकतात, आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. सुरुवात लेंगीपासून नको. ती निदान मंचावर पोचली आहे. सुरुवात ढावलोपासून करावी. सासरी निघालेली नवरी रडत रडत गाते ते हे गाणं; आई, भाऊ, तांडा, सगळ्यांचा निरोप त्यात असतो. लग्नात डीजे आला तशी ढावलोची जागा आक्रसली. आज तो पुरता येतो तो म्हाताऱ्या याडींना, म्हणजे आयांना. त्यांच्याकडे या उन्हाळ्यातच जायला हवं, आणि ध्वनिमुद्रणासोबत त्यांचं व त्यांच्या तांड्याचं नावही लिहून घ्यायला हवं.