कुडपणचा फोटो आणि मुंबईची ट्राम

आमचं घर महाडच्या बाजारपेठेत आहे. जुलै 2021 च्या पुरात सावित्रीचं पाणी जिन्याच्या निम्म्यापर्यंत चढलं आणि खालच्या खोलीतलं सगळं गेलं. गाद्या फेकल्या, भांडी घासून घेतली, कपाट नवं केलं. एक वस्तू मात्र पुन्हा मिळणारी नव्हती. ती म्हणजे आमच्या दादांचा, अब्बांच्या वडिलांचा, घरात असलेला एकुलता एक फोटो. दादांचा इंतकाल 1957 साली मुंबईत झाला. तेव्हा अब्बा चार वर्षांचे होते. वडिलांचा चेहरा त्यांना त्या फोटोतूनच ठाऊक होता. चिखलातून तो बाहेर काढला तेव्हा आम्ही घाईने बोटाने पुसायला गेलो आणि चेहराच पुसला गेला.

अब्बा आम्हाला काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "अल्लाहची मर्जी." पण त्यानंतर ते कधीकधी आरशासमोर जास्त वेळ उभे राहू लागले.

गेल्या हिवाळ्यात कुडपणहून निरोप आला. पोलादपूर तालुक्यातलं हे गाव थेट सह्याद्रीच्या कुशीत आहे. पावसाळ्यात 'भीमाची काठी' हा धबधबा बघायला लोक आता तिथे जातात, पण आमचं कुडपणशी नातं त्याहून जुनं. तिथल्या एका घरातले आजोबा मुंबईत ट्रामवर कंडक्टर होते. आमचे दादा क्रॉफर्ड मार्केटजवळ एका दुकानात कामाला होते. महाड-पोलादपूरची दोन माणसं परमुलखात भेटली आणि सख्ख्या भावांसारखी राहिली. त्या कंडक्टर आजोबांच्या मुलीला अब्बा ताई म्हणतात, आम्ही आत्या म्हणतो. आत्यांनी ऐंशी पार केली आहे. घराची कौलं बदलताना माळ्यावरची ट्रंक खाली काढली, तेव्हा तिच्या तळाशी त्यांना एक फोटो सापडला.

एका वेळी दोन गोष्टी खऱ्या कशा?

फोटोत एक ट्राम उभी आहे. तिच्या पायरीजवळ खाकी कपड्यांत, खांद्याला पिशवी लावलेले आत्यांचे वडील. शेजारी काळी टोपी आणि कोट घातलेला एक तरुण. त्याच्या चेहऱ्यावर ट्रामच्या छपराची सावली पडली आहे आणि नेमकी मान वळलेली.

आत्या म्हणाल्या, "हा तुमचा दादा. होळीला यायचा आमच्याकडं. मी आठ-दहा वर्षांची असेन. खिशात खारे दाणे असायचे त्याच्या."

अब्बांनी फोटो उजेडाला धरला. बराच वेळ पाहिला. "ताई, नक्की?"

"नक्की. इंग्रजांच्या वेळचा फोटो आहे. माझे वडील नुकते नोकरीला लागले, तेव्हा पायधुणीला काढलेला."

इथेच घोटाळा झाला. आत्यांचे वडील ट्रामवर लागले ते दुसऱ्या महायुद्धाच्या आधी. आमच्या दादांचा जन्म 1930 चा. फोटो तेव्हाचा असेल तर दादा आठ वर्षांचे असायला हवेत आणि फोटोतला तरुण विशीच्या पुढचा आहे. म्हणजे आत्यांच्या दोन गोष्टींपैकी एकच खरी असू शकत होती. फोटोच्या पाठीवर ना नाव, ना तारीख, ना स्टुडिओचा शिक्का.

आम्ही मोबाईलवर फोटोची मोठी प्रत काढून घेतली आणि ठरवलं की माणसाचा चेहरा सांगत नसेल, तर त्याच्या मागचं शहर काय सांगतं ते पाहू.

ट्रामची चार वयं

जुन्या मुंबईच्या फोटोत ट्राम असली की काळ ओळखायला मोठी मदत होते, कारण ट्राम कधी आली, कधी बदलली आणि कधी गेली याच्या तारखा ठाऊक आहेत.

मुंबईत ट्राम पहिल्यांदा धावली ती 9 मे 1874 रोजी. ती घोडे ओढत. पहिले मार्ग दोन होते. एक कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला जाणारा आणि दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीलाच येणारा. म्हणजे आपल्या मोहल्ल्यांच्या तोंडाशीच ट्रामचा शेवटचा थांबा होता. स्टर्न्स आणि किट्रेज या कंपनीकडे तेव्हा 900 घोडे होते. कुलाब्याला आज बेस्टचं 'इलेक्ट्रिक हाऊस' आहे, त्याच जागी कंपनीचं कार्यालय होतं. तेव्हा फोटोत घोडे जुंपलेली ट्राम दिसली तर तो विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीच्या किंवा त्याआधीच्या काळातला समजायचा.

विजेवरची ट्राम 7 मे 1907 रोजी सुरू झाली. तिच्यासाठी रस्त्यावर तारा आल्या. डोक्यावर तार आणि खाली रूळ असतील तर फोटो 1907 नंतरचा. मात्र नुसती तार पाहून फसू नये. 1962 ते 1971 या काळात गोवालिया टँक ते माझगाव डॉक अशी ट्रॉलीबसही तारेवर चालत होती. तिला रबरी चाकं होती, रूळ नव्हते.

सप्टेंबर 1920 मध्ये दुमजली ट्राम आली. 15 जुलै 1926 रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी मुंबईची पहिली मोटारबस धावली आणि 1937 मध्ये दुमजली बस आली. मग रस्त्यांवर गर्दी वाढली, रुळांवर अडकलेली ट्राम बसपुढे मागे पडू लागली आणि एकेक मार्ग बंद होत गेला. 31 मार्च 1964 रोजी रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम निघाली. तिला निरोप द्यायला रस्त्याच्या दुतर्फा लोक उभे होते.

आता आमचा फोटो. ट्राम दुमजली, म्हणजे 1920 नंतरचा. डाव्या कडेला एका दुमजली बसचं अर्धं तोंड दिसतं, म्हणजे 1937 नंतरचा. इथपर्यंत आत्यांचं 'इंग्रजांच्या वेळचा' हे म्हणणं टिकत होतं आणि अब्बांचा चेहरा पडत चालला होता.

इमारत कोणती?

पुढचा प्रश्न जागेचा. ट्रामच्या मागे दगडी कमानी, उतरती छपरं आणि घड्याळाचा मनोरा दिसतो. हे पायधुणी नव्हे. हे क्रॉफर्ड मार्केट, आजची महात्मा जोतिबा फुले मंडई. इमारत 1869 साली पुरी झाली. आराखडा विल्यम इमर्सन यांचा, दारावरची दगडातली शिल्पं लॉकवुड किपलिंग यांची. मनोरा अजून तसाच उभा आहे.

खात्री करायला आम्ही फोटोची प्रत घेऊन मुंबईला गेलो. मंडईसमोर उभं राहिल्यावर आधी काहीच जुळेना. दुकानांच्या पाट्या वेगळ्या, फेरीवाले, गाड्या आणि 2002 पासून मोहम्मद अली रोडवरून जाणारा जे. जे. उड्डाणपूल. मग एका बुजुर्ग दुकानदाराने सांगितलं, "खाली काय बघता? वर बघा. माणूस दुकान बदलतो, दुसरा मजला कोण बदलतो?"

ही युक्ती फार कामाची निघाली. तळमजला दर दहा-वीस वर्षांनी बदलतो. पण वरच्या मजल्याच्या खिडक्या, लाकडी गॅलऱ्या, छपराची रेघ टिकून राहते. फोटोतला मनोरा आणि कमानींचा कोन जुळेपर्यंत आम्ही पावलापावलाने मागे सरकलो. एका जागी सगळं बरोबर बसलं. ट्राम उभी होती ती जागा आज पायाखालच्या डांबरात आहे. रूळ मुंबईत सगळीकडे उखडले गेले नाहीत, कित्येक ठिकाणी डांबराखाली तसेच राहिले. 2017 च्या सुमारास फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीत खणताना ते पुन्हा वर आले होते.

दोन-चार इमारतींची वर्षं लक्षात असली की जुने फोटो घरबसल्या वाचता येतात. बोरीबंदरचं स्टेशन 1888 मध्ये पूर्ण झालं, समोरची महापालिकेची इमारत 1893 मध्ये. फोटोत स्टेशन आहे पण महापालिकेचा घुमट नाही, तर तो मधल्या पाच वर्षांतला किंवा घुमट बांधला जात असतानाचा. राजाबाई टॉवर 1878 चा, ताजमहाल हॉटेल 1903 चं, गेटवे ऑफ इंडिया 1924 चा. ताज आहे आणि समोर गेटवे नाही, असा फोटो मिळाला तर तो शंभर वर्षांहून जुना.

जे उरलं नाही

मंडईपासून जवळच जामा मशीद. 1802 पासून ती तिथे आहे आणि तिचा कारभार कोकणी मुसलमानांच्या हाती राहिलेला. दुकानातून सुटून दादा जुम्याला तिथेच जात असणार. आम्हीही तिथे असर पढलो.

मग दादांची खोली शोधायला भेंडी बाजारात गेलो. तिथे इमारतच नव्हती. साडेसोळा एकरांतल्या अडीचशेच्या आसपास जुन्या इमारती काढून नव्या उभारण्याचं काम तिथे चालू आहे. मन खट्टू झालं. पण नुसतं हळहळून भागत नाही. ऑगस्ट 2017 मध्ये याच भागात पाकमोडिया स्ट्रीटची हुसैनी इमारत कोसळून तीसहून जास्त माणसं गेली. जुनी भिंत जपावी की त्यातली माणसं, असा प्रश्न आला तर उत्तर एकच आहे. म्हणूनच फोटोंची किंमत वाढते. इमारत पाडावी लागते, तेव्हा तिची आठवण राहायला दुसरी जागा उरत नाही.

ट्रामचंही तसंच. दादरला आजही लोक 'टी. टी.' म्हणतात. ती अक्षरं 'ट्राम टर्मिनस'ची, हे नव्या मुलांना सांगावं लागतं. सीएसएमटीसमोर भाटिया बागेत 2021 मध्ये एक ट्रामचा डबा ठेवला, तोही कोलकात्याहून आणलेला.

भिंतीवरची अक्षरं

घरी आल्यावर आमच्या भाच्याने फोटोची प्रत कॉम्प्युटरवर मोठी केली. ट्रामच्या मागे भिंतीवर एक सिनेमाचं पोस्टर होतं. अर्धं फाटलेलं. त्यावर '...लबेला' एवढी अक्षरं वाचता आली.

अब्बा खुर्चीतून उठलेच. "अलबेला! भगवानदादांचा."

'अलबेला' 1951 चा. भगवान आणि गीता बाली यांचा. पोस्टर सिनेमाच्या आधी लागतं किंवा नंतर, पण दहा वर्षं आधी लागत नाही. म्हणजे फोटो इंग्रजांच्या वेळचा नव्हे. आत्यांचे वडील 1955 च्या पावसाळ्याआधी आजारपणामुळे नोकरी सोडून कुडपणला आले. म्हणजे फोटो 1951 ते 1955 मधला. तेव्हा दादा एकवीस ते पंचवीस वर्षांचे. फोटोतल्या तरुणाचं वय तेवढंच दिसतं. जागाही त्यांच्या दुकानासमोरची.

याने तो तरुण आमचे दादाच, असं सिद्ध होत नाही. अब्बांनीच ते बोलून दाखवलं. पण मध्ये जो अडसर होता तो निघाला. आत्या साल चुकल्या होत्या, माणूस नाही. वडिलांच्या नोकरीची गोष्ट आणि हा फोटो यांची सत्तर वर्षांत त्यांच्या मनात गाठ पडली होती, एवढंच. खाऱ्या दाण्यांची आठवण कोणी दुसऱ्याकडून ऐकून सांगत नाही.

आम्ही पुन्हा कुडपणला गेलो. मूळ फोटो आत्यांकडेच राहिला, तो त्यांच्या वडिलांचा. आम्ही चांगल्या कागदावर प्रत करून आणली. मूळ फोटोच्या पाठीवर आत्यांनी सांगितलं तसं पेन्सिलीने लिहिलं: दोघांची नावं, 'क्रॉफर्ड मार्केट, 1951 ते 1955', कोणी ओळखलं आणि कोणत्या दिवशी. शेवटी आत्या म्हणाल्या, "आणि लिही, दोघं एका ताटात जेवायचे." तेही लिहिलं.

आपल्या घरात एवढं करा

बुजुर्गांना फोटो दाखवा आणि 'हे कोण?' याबरोबर 'मागे काय आहे?' हेही विचारा. जागेवरून माणसं आठवतात.

पाठीवर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहा. बॉलपेनचा दाब आणि शाई पुढे उमटते. खात्री नसेल तिथे 'बहुतेक' असं लिहा.

फोटोला लॅमिनेशन करू नका. प्रत काढा आणि ती दुसऱ्या गावातल्या नातेवाइकांकडे ठेवा. आमच्यासारख्या पुराच्या गावात एकाच कपाटात सगळं ठेवणं शहाणपणाचं नाही.

फोटो भिजले तर पुसू नका. स्वच्छ गार पाण्यात हळूच बुडवून चिखल सुटू द्या आणि चित्राची बाजू वर ठेवून स्वच्छ कापडावर सावलीत वाळवा. एकमेकांना चिकटलेले फोटो ओढू नका. पाण्यात आपोआप सुटेपर्यंत थांबा. 2021 मध्ये हे आम्हाला ठाऊक असतं, तर कदाचित हा लेख लिहावा लागला नसता.

फोटोची प्रत आता वरच्या मजल्यावर आहे. अब्बा ती आल्यागेल्याला दाखवतात. आधी ट्राम दाखवतात, मग मनोरा, मग पोस्टर आणि शेवटी त्या तरुणावर बोट ठेवून म्हणतात, "आणि हे बहुतेक आमचे अब्बा."