ऑपरेशन यकृताचं, नजर हृदयावर

“आजार यकृताचा, मग घशातून नळी घालून हृदयाची सोनोग्राफी कशाला?” आमच्या रामटेकला ओळखीच्या एका घरी यकृतारोपणाचं ठरलं, तेव्हा तिथल्या वहिनींनी मला हेच विचारलं. पूर्वी या ऑपरेशनसाठी मुंबई-दिल्ली गाठावी लागे. 2018 पासून ते नागपुरातही होऊ लागलं आहे. तेव्हा मैत्रिणींनो, हा प्रश्न उद्या आपल्याही घरी येऊ शकतो.

अन्ननलिका हृदयाच्या अगदी पाठीला लागून खाली उतरते. छातीवरून सोनोग्राफी करताना बरगड्या आणि फुप्फुसं आड येतात. शिवाय ऑपरेशन चालू असताना तिथे यंत्र धरायला जागा कुठली? म्हणून भूल दिल्यावर, टोकाला सोनोग्राफीचं यंत्र असलेली मऊ नळी तोंडातून अन्ननलिकेत सोडतात. पुढचं दार बंद असलं की आपण मागच्या दारानं डोकावतो, तसंच हे! हृदय पडद्यावर स्वच्छ दिसतं.

खरी कसोटी लागते नवं यकृत जोडल्यावर. ते थंड ठेवलेलं असतं. त्यातून रक्त वाहू लागलं, की थंड आणि पोटॅशियम वाढलेलं रक्त थेट हृदयात येतं, आणि रक्तदाब एकदम घसरू शकतो. घसरला हे आकड्यावरून कळतं. का घसरला, ते कळत नाही. हृदयात रक्तच कमी असेल तर रक्त किंवा सलाईन द्यायचं. हृदय थकलं असेल तर तेच सलाईन जादा झालं की बाधतं, तिथे औषध हवं. रक्ताची गाठ आली असेल तर उपाय आणखी वेगळा. हा निवाडा भूलतज्ज्ञांना काही क्षणांत करावा लागतो, आणि तिथे ही नळी उपयोगी पडते.

मात्र एक धोका ध्यानात ठेवा. यकृत कडक झालं की अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात. नळीचा धक्का लागून त्यांतून रक्त येऊ शकतं. असं क्वचितच होतं, तरी डॉक्टरांना आधी सगळं ठाऊक हवं. म्हणून हे आठवून सांगा:

• कधी रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच झाली होती का?
• फुगलेल्या शिरा दुर्बिणीतून बांधल्या होत्या का? कधी?
• घास गिळताना अडकतो का? अन्ननलिकेचं ऑपरेशन झालंय का?
• दात हलतो का? कवळी आहे का?

हे ऐकून कुणाला नळी घालायची आणि कुणाला नाही, ते डॉक्टर ठरवतात. नंतर एक-दोन दिवस घसा दुखला तर घाबरू नका. पण गिळताना किंवा छातीत फार दुखलं, तर लगेच सांगा.

पुरुषमंडळी असल्या गोष्टी मनातच ठेवतात. “तेवढं काही नव्हतं,” म्हणून मोकळी होतात. पण त्या रात्री बादली धुतलेली असते ती आपण. तेव्हा डॉक्टरांसमोर संकोच नको. तारखेसकट लिहून न्या आणि स्पष्ट सांगा.